नग अकरावा

पहाटे तीन. विश्रांतवाडीचा सिग्नल
कुणी नसताना लाल.
रिक्षात आम्ही दोघं, मांडीवर निळी पिशवी.
बॅग विमानाच्या पोटात गेली तर जाऊ दे, पिशवी नाही.
"तिथं थंडी असते," हे म्हणाले, चौथ्यांदा,
"इन्सुलिन गोठतं. आणि गोठून पुन्हा वितळलं
की दिसतं तसंच. पाण्यासारखं. कळत नाही."
हे कुठंतरी वाचल्यापासून
रात्री उठून फ्रिजचं दार उघडून बघत होते.

एकतीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात
स्टोअर सांभाळलेला माणूस.
पिशवीच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय,
पट्टीनं ओढलेल्या रेघा, निळी शाई:
पेन, दोन. सुया, चाळीस.
पट्ट्या, एक डबी, उघडलेली, शिल्लक सदतीस.
मीटर. मीटरचा सेल, जादा.
डॉक्टरांचं पत्र, सही-शिक्क्यासह, तीन प्रती.
असे दहा नग.
खाली: मोजून दिले, य. बा. ढमढेरे.
मोजून घेतले, याच्यापुढे जागा कोरी.
मी रिक्षातच सही केली, खड्डा चुकवत.
नाहीतर उतरू दिलं नसतं.

दाराशी त्यांना अडवलं. तिकीट एकच.
काचेपलीकडे बराच वेळ एक मफलर उभा होता.

यंत्रातून पिशवी गेली आणि पट्टा थांबला.
वर्दीतल्या मुलीनं एकेक वस्तू ट्रेमध्ये मांडली,
माझा सतरा वर्षांचा आजार
परक्या लोकांच्या बेल्ट-बुटांशेजारी.
"ये क्या है, आंटी?"
मी पोटाकडे बोट दाखवलं.
पत्र तिनं उघडलंच नाही. तीन प्रती!
सुया परत दिल्या, चाळीसच्या चाळीस.
कुंदासाठी घेतलेली लोणच्याची बरणी मात्र
उचलली, हलवली, बाजूला ठेवली.
"ये नहीं जाएगा."
टोचणारं चालतं. मुरलेलं चालत नाही.

वर गेल्यावर घड्याळ अडीच तास पुढे केलं.
मनगटाला लगेच पटलं.
स्वादुपिंडाला कोण सांगणार?
जेवणाच्या गाडीचा खडखडाट ऐकला,
म्हणून टोचून घेतलं, बारा युनिट,
आणि विमान हिंदकळलं.
पट्टे बांधा. गाडी मागे गेली. पडदा ओढला.
दहा मिनिटं. वीस.

आधी ओठांभोवती मुंग्या.
मग समोरच्या पाठीवरची अक्षरं एकमेकांत शिरली.
मग मानेवरून घाम, त्या गारव्यात.
शेजारचा मुलगा कानात बोंडं घालून झोपलेला,
बेल कुठली, दिवा कुठला,
मीटरवर अठ्ठावन्न,
आणि झाकण उघडंच होतं म्हणून
मी तो कागद वाचत गेले, शाळेतल्यासारखा, बोट ठेवून.
नऊ. दहा.
दहाच्या खाली, सह्यांना चिकटून, पेन्सिलनं, मागाहून घातलेलं:
अकरा. खडीसाखर. बाहेरची चेन.

ज्या माणसानं सतरा वर्षं
माझ्या चहाचा पहिला घोट स्वतः घेऊन पाहिला,
तळहातावरचा प्रसादाचा पेढा उचलून
आपल्या तोंडात टाकला,
नणंदेच्या लग्नात, सगळ्यांदेखत,
माझ्यापुढची जिलबी पलीकडे सरकवली
(मी दोन दिवस बोलले नव्हते),
त्यानं ती बांधली होती
कारखान्याच्या जुन्या पावतीत,
चारही बाजू दुमडून, वर दोरा.

एक खडा. काडकन फुटला.
मग चार.
मग मोजणं सोडलं.

उतरल्यावर फोन.
"पोचलीस का" वगैरे नाही.
"सुया किती?"
"एकोणचाळीस. एक वापरलेली, बाटलीत."
"पट्ट्या?"
"छत्तीस."
पलीकडे कागद सरकल्याचा आवाज.
अर्थात. त्यांच्याकडे दुसरी प्रत होती.
"आणि नग अकरावा?"

मी रिकामी पावती सरळ केली, घडीवर घडी.
"शिल्लक नाही," म्हटलं.

त्यानंतर बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.
मिनिटाला पैसे पडत होते.
दोघांनाही माहीत होतं.